रागाचा व्हायोलिन कॉन्सर्टो लिहायचाय? मोकळ्या तारांपासून सुरुवात करा

रागसंगीतात कान तयार झालेल्या आणि स्टाफ नोटेशनही वाचता येणाऱ्या माणसाला कधी ना कधी खुमखुमी येतेच, की आपला राग एकदा अख्ख्या ऑर्केस्ट्रासमोर ठेवून बघावा. मग बहुतेक वेळा काय होतं? वर रागाची सुरावट, खाली सवयीचे कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरांचे गट), मधे तबला. ऐकायला गोड लागतं आणि हॉलबाहेर पडेपर्यंत विसरायला होतं. दोन्ही संगीतं एकमेकांशेजारी बसलेली असतात, बोलत मात्र नसतात.

मी असा एक कॉन्सर्टो, म्हणजे एक सोलो वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना, लिहून, तालमी करून, वाजवून घेऊन मोकळा झालो आहे. त्यात जे कळलं ते क्रमाने मांडतो.

मुंबईला हा उद्योग नवा नाही. अँथनी गोन्साल्विस या गोव्याच्या व्हायोलिनवादकाने १९५८ साली इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि सारंग, तोडी असल्या रागांवर ऑर्केस्ट्रासाठी रचना लिहिल्या. २०१५ मध्ये झाकीर हुसेन यांचा 'पेशकार' हा तबला कॉन्सर्टो सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाबरोबर मुंबईतच पहिल्यांदा वाजला. म्हणजे वाट पडलेली आहे, फक्त तिच्यावर पाट्या नाहीत.

हाताशी काय हवं:

- नोटेशनचं सॉफ्टवेअर. म्यूझस्कोर फुकट आहे आणि पहिल्या कामाला पुरतं. पैसे घालायचे असतील तर डोरिको किंवा सिबेलियस. जुन्या ओळखीपायी फिनाले शोधू नका, ते २०२४ मध्ये कंपनीनेच बंद केलं.
- सूर बदलता येणारा तानपुरा. ॲप चालेल, पण ए ४४० आणि ४४२ हर्ट्झ दोन्हींवर लावता आला पाहिजे.
- सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) दाखवणारा ट्यूनर.
- एक व्हायोलिन. तुम्हाला वाजवता येत नसेल तरी घरात असू द्या. बोटं कुठवर पोचतात ते डोळ्यांनी बघावं लागतं.
- लिहिलेलं वाजवून दाखवणारा आणि तोंडावर 'हे वाजत नाही' म्हणणारा एक वादक.

१. आधी वाजवणारा ठरवा, राग नंतर

आपल्याकडचा वादक मांडी घालून बसतो, व्हायोलिनचं डोकं उजव्या घोट्यावर टेकवतो. डावा हात वाद्याचा भार वाहत नाही, म्हणून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरणं) हवी तितकी लांब घेता येते. तारा बहुधा सा-प-सा-प किंवा प-सा-प-सा अशा लावलेल्या असतात. पाश्चात्त्य पद्धतीचा वादक उभा राहतो, वाद्य हनुवटीखाली धरतो आणि तारा जी-डी-ए-ई असतात. वाद्य एकच, पण लिहायच्या दृष्टीने ही दोन वेगळी वाद्यं समजा.

पुढचं सगळं मी दुसऱ्या प्रकारच्या वादकासाठी सांगतोय: उभा राहणारा, नोटेशन वाचणारा, पण रागाचा कान असलेला. असे तरुण वादक आता मुंबई, पुणे आणि गोव्यात भेटतात. तुमचा वादक बैठकीचा असेल तर दुसऱ्या पायरीचा हिशेब त्याच्या तारांवर पुन्हा मांडा.

त्याला पहिल्याच भेटीत मनाला येईल ते वाजवायला सांगा आणि रेकॉर्ड करून ठेवा. हात कुठे आपोआप जातो, कुठल्या तारेवर आवाज खुलतो, हे कुठल्याही ऑर्केस्ट्रेशनच्या पुस्तकापेक्षा त्या रेकॉर्डिंगमधून लवकर कळतं.

२. मोकळ्या चार तारांना मान्य असलेला राग निवडा

बीथोव्हेन, ब्राम्स आणि चायकोव्स्की, तिघांचेही व्हायोलिन कॉन्सर्टो डी मेजरमध्ये आहेत. हा योगायोग म्हणता येत नाही. त्या स्केलमध्ये चारही मोकळ्या तारा स्केलच्या आतच असतात, त्यामुळे वाजवलेल्या सुराला न वाजवलेल्या ताराही साथ देतात आणि वाद्य बोलकं होतं.

हाच नियम रागाला लावा. समजा षड्ज डी, म्हणजे पांढरी दोन धरला आणि मारवा निवडला. जी तार झाली शुद्ध मध्यम, मारव्यात तो तीव्र. ए तार झाली पंचम, तो वर्ज्य. ई तार झाली शुद्ध ऋषभ, मारव्याला हवा कोमल. चारांतल्या तीन तारा रागाच्या विरोधात. मारवा वाईट नाही, पण पहिल्या कॉन्सर्टोला हा पंगा कशाला घ्या?

आता षड्ज जी, म्हणजे पांढरी पाच धरा. जी सा, डी प, ए रे, ई ध. उरला फक्त गंधार. सा रे ग प ध: भूप! पाचांतले चार स्वर तारा लावतानाच मिळाले. मी भूपावर आलो तो या हिशेबानं. 'सोपा राग आहे' म्हणून भूप घेणाऱ्यांना तो किती निसरडा आहे हे पुढे कळतं.

इथे एक खोच आहे. शुद्ध पंचमांनी लावलेली मोकळी ई तार जी शी ताडून बघितली तर शुद्ध धैवतापेक्षा सुमारे २२ सेंट चढी निघते. तानपुरा चालू असेल तर हे सहज कानाला लागतं. म्हणून द्रुत लयीत मोकळी ई बिनधास्त वापरा, पण धैवतावर न्यास असेल, म्हणजे सुरावट तिथे थांबत असेल, तिथे तो ए तारेवर बोटाने दाबून घ्यायला सांगा. स्कोअरमध्ये त्या स्वरावर बोटाचा आकडा लिहिलात की काम झालं.

३. षड्ज हलवा आणि दोन्हीकडच्या श्रोत्यांना एकदम कामाला लावा

माझ्या मते सगळा कॉन्सर्टो इथे उभा राहतो किंवा पडतो. दोन शैलींचं मिश्रण करायचं तर दोन्ही व्याकरणांत बरोबर ठरेल असं एकच बीज लागतं. आल्बान बर्ग या ऑस्ट्रियन संगीतकाराने १९३५ च्या व्हायोलिन कॉन्सर्टोत हेच केलं. सप्तकातले बाराही स्वर एकेकदा घेणारी त्याची ओळ अशी बेतलेली आहे, की तिच्यातला पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा स्वर म्हणजे व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा, आणि शेवटचे चार स्वर म्हणजे बाखच्या एका कोरालची (चर्चमधल्या स्तोत्रगीताची) सुरुवात. त्यामुळे शेवटच्या भागात बाख येतो तेव्हा तो चिकटवलेला वाटत नाही. आधीपासून तिथेच होता असं वाटतं.

आपल्याकडे असं बीज मूर्च्छनेत आहे. भूपाचे तेच पाच स्वर ठेवून षड्ज सरकवला तर: ऋषभाला सा मानल्यावर मधमाद सारंगाचे स्वर, गंधाराला मानल्यावर मालकंसाचे, पंचमाला मानल्यावर दुर्गेचे, धैवताला मानल्यावर धानीचे. हे शाळकरी ज्ञान झालं. आता डबल बासच्या मोकळ्या तारा बघा: ई, ए, डी, जी. म्हणजे ध, रे, प, सा. वर सोलो व्हायोलिन भूपाचेच पाच स्वर वाजवत असताना बासवाल्यांनी नुसती मोकळी तार बदलली, की खालून राग बदलतो: जी वर भूप, डी वर दुर्गा, ए वर मधमाद सारंग, ई वर धानी. काही ऑर्केस्ट्रांत पाच तारांचे बास असतात आणि पाचवी तार पुष्कळदा खालच्या बी ला लावलेली असते. तो गंधार. म्हणजे मालकंसही हाताशी!

जी, डी, ए, ई हा क्रम पाश्चात्त्य कानाला एकेका पंचमाने होणारा स्केलबदल वाटतो, कॉन्सर्टोमध्ये असतो तसाच. आपल्या कानाला तीच मूर्च्छना. एकच घटना, दोन्हीकडे अर्थपूर्ण.

यावरून आराखडा करा. एक नमुना: पहिला भाग जी वरून डी कडे, दुसरा संथ भाग ई वर, तिसरा ए वर सुरू होऊन जी वर परत. एकूण वीस-बावीस मिनिटं. पहिल्या कामाला यापेक्षा लांब जाऊ नका.

सावधान: स्वर मिळाले म्हणजे राग झाला नाही. बास डी वर गेल्यावरही सोलो 'ग रे सा, ध सा'च्या वळणाने चालत राहिला तर दुर्गा दिसणारच नाही. खालचा स्वर बदलण्याआधी एक-दोन आवर्तनं सोलोच्या ओळीत नव्या रागाची चाल पेरून ठेवा.

४. कॉर्ड कुठे घात करतात

भूपात पूर्ण बसणारे तीन स्वरी कॉर्ड मोजून दोन: जी मेजर म्हणजे सा-ग-प, आणि ई मायनर म्हणजे ध-सा-ग. बस्स. हात आपोआप जातो तो डी मेजरकडे, कारण पाश्चात्त्य संगीतात घरी परतायचा रस्ता तिथून जातो. पण डी मेजरमध्ये एफ शार्प आहे, म्हणजे शुद्ध निषाद. तो भूपात नाही. सी मेजरमध्ये मध्यम येतो, तोही नाही.

उपाय साधा आहे. डी च्या जागी नुसते डी आणि ए ठेवा, हवं तर वर ई. निषाद नसला तरी बास डी वरून जी वर उतरला की परतल्याची भावना येते. आणि निषादाचा मोह आवरतच नसेल तर तो अवरोहात, मींडेच्या अंगाने, तीव्र मध्यमासोबत आणा आणि राजरोस शुद्ध कल्याण करा. चोरून आणलेला निषाद मात्र पहिल्या रांगेतले कानसेन लगेच पकडतात.

दुसरा सापळा जास्त कावेबाज. ई मायनर वारंवार आणि ठळक लावला की वजन धैवतावर जातं, आणि स्वर तेच असूनही भूपाचा देशकार व्हायला लागतो. भूपाचा वादी (मुख्य स्वर) गंधार, देशकाराचा धैवत; गायकाला यासाठी वर्षानुवर्षं जपावं लागतं आणि तुमचे चेलो ते चार बारमध्ये घालवू शकतात. मी ई मायनर संथ भागासाठी राखून ठेवला, पहिल्या भागात तो जाता जाता येतो.

पियानो, हार्प, व्हायब्राफोन यांना लांब गंधार देऊ नका. त्यांचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. तारवाद्यं आणि फुंकवाद्यं कानाने जुळवून घेतात, ही वाद्यं घेऊ शकत नाहीत.

५. सम कंडक्टरच्या हातात द्या

सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. तीनताल म्हणजे चार-चारचे चार बार, इथवर ठीक. झपताल दोन-तीन-दोन-तीन असा लिहायचा तर पाच-चारचे दोन बार करा आणि गट तुटक रेषेने दाखवा. रूपकात तीन-दोन-दोन, पण समेवरच खाली (बिनजोराची जागा) असते. कंडक्टरला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो पहिल्या मात्रेवर सगळा जोर ओतेल.

तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं, लिहिताना लोक हमखास गोंधळ घालतात. पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा थांबा, असं तीनदा: पंधरा आणि दोन सतरा. समेवरून सुरू केली तर सतरावी मात्रा पुढची सम. नोटेशनमध्ये नवखा माणूस याचे पाच-चार, एक-चार, पाच-चार असे बार करतो. मोजणी अचूक येते, पण समेची ओढ मरते, कारण वादकांच्या लेखी प्रत्येक तुकडा नव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर सुरू होतो. बार चार-चारचेच ठेवा. दुसरा तुकडा दुसऱ्या बारच्या तिसऱ्या ठोक्यावर सुरू होईल, तिसरा चौथ्या बारच्या पहिल्यावर, आणि शेवटचा घाव पाचव्या बारच्या पहिल्यावर. तुकड्यांवर कंस काढा, सुरुवातीला आघाताची खूण करा. बारच्या विरुद्ध वाजवण्याचा ताण हाच तिहाईचा जीव.

तिसरी शैली घालायची असेल, जाझ म्हणा, लावणीच्या ढोलकीचा ठेका म्हणा, तर ती लयीच्या बाजूने घाला. स्वरांच्या बाजूला आधीच पुरेशी गर्दी आहे. ढोलकीचा ठेका व्हायोलांना पिझिकाटोत (तार बोटाने छेडून) आणि चेलोंना गजाच्या लाकडाच्या टोल्यात वाटून दिला तर खरी ढोलकी न आणताही पाय हलतात.

६. मींड कागदावर

दोन स्वरांमध्ये तिरकी रेघ काढली की मींड झाली, हा गैरसमज. ती रेघ बघून एक वादक एकसारखा घसरेल, दुसरा शेवटच्या क्षणी झटकन उडी मारेल.

भूपातली प वरून ग वर येणारी मींड घ्या. ए तारेवर तिसऱ्या पोझिशनमध्ये (पोझिशन म्हणजे डाव्या हाताची तारेवरची जागा) पहिलं बोट डी वर, म्हणजे पंचमावर असतं. तेच बोट न उचलता पहिल्या पोझिशनपर्यंत घसरलं की बी, म्हणजे गंधार. स्कोअरमध्ये हे लिहा: दोन्ही स्वरांवर बोटाचा आकडा १, तारेचं नाव, एका गजात घ्यायची खूण, आणि घसरणं नेमकं कोणत्या मात्रेला सुरू होतं ते दाखवणारा एक छोटा स्वर. वर शब्दांत 'गजाचा दाब कमी करू नये'. हे शेवटचं फार गरजेचं, कारण पाश्चात्त्य तालमीत पोझिशन बदलताना गज हलका करून घसरण लपवायला शिकवतात आणि आपल्याला तीच ऐकवायची असते.

व्हायब्रेटो (सुराला दिलेला कंप) नको तिथे 'व्हायब्रेटोशिवाय' असं स्पष्ट लिहा. काही सांगितलं नाही तर तो येतोच. अख्ख्या व्हायोलिन सेक्शनला मात्र मींड देऊ नका. चौदा माणसं एकदम घसरली की भोंगा वाजल्यासारखं होतं.

या सगळ्या खुणांचा खुलासा स्कोअरच्या सुरुवातीला एका पानात बसवा. दोन पानं झाली तर कोणी वाचत नाही.

७. सोलो ऐकू येतोय ना?

कॉम्प्यूटरवर सोलो नेहमीच ऐकू येतो. त्यावर विश्वास ठेवू नका. जी तारेवरचा गंभीर आलाप ज्या सप्तकात असतो त्याच सप्तकात व्हायोला, चेलो आणि हॉर्न नांदतात, आणि एक हॉर्नसुद्धा त्याला गिळतो. सोलो खाली असताना साथ फक्त बासची आणि हलक्या पिझिकाटोची ठेवा. सोलो ई तारेवर उंच गेला की मग ऑर्केस्ट्रा मोकळा सोडा. एका तारेवर लांब सूर आणि शेजारी मोकळी तार हा दुहेरी आवाज खालच्या बाजूला फार कामी येतो, घरचा तानपुराच तो.

पहिल्या खेपेला तारवाद्यं, दोन फ्लूट, दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न आणि टिंपनी एवढ्यावर भागवा. क्लॅरिनेट आणि हॉर्नचे पार्ट त्यांच्या पट्टीत बदलून लिहावे लागतात हे विसरू नका.

८. आलापाला दार आणि कडी

सोलो वादकाला मोकळं सोडायचं असेल तर बाहेर यायची खूण आधी लिहून ठेवा. माझ्या स्कोअरमध्ये आलापाच्या जागी चार गोष्टी होत्या: कुठल्या स्वरापासून कुठल्या स्वरापर्यंत, जास्तीत जास्त किती मिनिटं, बासचा धरलेला स्वर, आणि शेवटचा मुखडा (परत येण्याची ठरलेली सुरावट) पूर्ण नोटेशनमध्ये. कंडक्टर राग ओळखणार नाही, पण सहा स्वरांचा मुखडा नक्की ओळखेल. तोच मुखडा आलापात आधी अर्धवटही घ्यायचा नाही, हे वादकाला बजावा. कंडक्टरचा हात वर गेला की परत घेता येत नाही.

वेळेची मर्यादा दिखाऊ नसते. रंगात आलेला आलाप लांबतो, तेवढ्यात फ्लूट आणि क्लॅरिनेट थंड पडून उतरतात आणि पुढची एंट्री बेसूर होते.

९. पार्ट आणि तालीम

ऑर्केस्ट्राकडे जाताना सोबत न्यायचं:

- पूर्ण स्कोअर, बार क्रमांक आणि तालमीच्या अक्षरांसह
- प्रत्येक वाद्याचा वेगळा पार्ट, पान उलटायची जागा विरामावर येईल असा
- सोलो आणि पियानोची प्रत, वादकाच्या सरावासाठी
- खुणांचं एक पान
- कॉम्प्यूटरवरचं किंवा घरगुती रेकॉर्डिंग
- ए किती हर्ट्झचा लावतात हे विचारणारा आधीच पाठवलेला निरोप

तालमी दोन किंवा तीन मिळतील, त्यातली एक सोलोशिवाय. पहिल्या तालमीत तिहाई आणि आलापातून बाहेर येण्याची जागा, एवढंच आधी करून घ्या. बाकीचं वाचून वाजतं. वादकांना रागाचं तत्त्वज्ञान सांगत बसू नका. मुखडा एकदा गाऊन दाखवा, भाषणापेक्षा लवकर पोचतं.

१०. हक्कांचं लफडं आधीच मिटवा

राग कोणाच्या मालकीचा नाही, बंदिश असू शकते. भारतात संगीतरचनेचा कॉपीराइट रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणून विसाव्या शतकातल्या कुणाची बंदिश मुखडा म्हणून उचलण्याआधी चौकशी करा, नाहीतर मुखडा स्वतः बांधा. तुमच्या रचनेवर हक्क मिळायला नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर तारखेसह पुरावा कामी येतो. आलाप वादकाने सुचवला असेल तर श्रेय, रेकॉर्डिंगचा हक्क आणि पार्ट छापायचा खर्च कोणाकडे, हे तीन मुद्दे पहिल्या तालमीच्या आधी ई-मेलवर लिहून दोघांनी होकार द्या. तोंडी ठरलेलं कार्यक्रम चांगला झाला की हमखास वेगळं आठवतं.